मार्शल प्लॅन म्हणजे कर्ज का मदत?

प्रश्न, जुळे सोलापूर: एमपीएससीचा अभ्यास चालूय, मार्शल प्लॅनला (दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उभा करायची अमेरिकेची योजना) एका नोट्समध्ये कर्ज लिहिलंय, दुसऱ्यात मदत. नक्की काय? कुणीतरी नीट सांगा की.

अशोक चौक: दोन वेगळे व्यवहार आहेत बघा. डिसेंबर १९४५ ला ब्रिटननं अमेरिकेकडनं ३७५ कोटी डॉलर कर्ज घेतलं, दोन टक्के व्याजानं, बोलणी करायला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स स्वतः वॉशिंग्टनला गेलेले, आणि ते फिटलं कधी तर २००६ ला! मार्शल प्लॅन १९४८ चा, सुमारे १३०० कोटी डॉलर, त्यातलं बहुतेक अनुदान.

यंत्रमागवाला: आमचा धंदा सुताचा म्हणून तसंच सांगतो. मार्शल प्लॅनमधनं फ्रान्सच्या गिरणीला अमेरिकन कापूस मिळायचा, पैसे ती फ्रँकमध्ये आपल्याच सरकारकडं भरायची अन् तो पैसा परत देशातच वीज, रेल्वेत लागायचा. डॉलर नसताना कच्चा माल आला हे लई मोठं, माग थांबला की चूल थांबते हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

विजापूर रोड: चेकोस्लोवाकियानं मार्शल प्लॅनच्या बोलणीला आधी होकार दिलेला, स्टालिननं दम दिल्यावर जुलै १९४७ ला माघार घ्यावी लागली. फार वाईट वाटतं वाचताना.

जुळे सोलापूर: म्हणजे ब्रिटनला दोन्ही मिळालं?

अशोक चौक: हो, मार्शल प्लॅनचा सगळ्यात मोठा वाटा पण त्यांनाच.