रेझिस्टर लावा, पण कुठे बसवताय ते बघा

गाडीच्या इंडिकेटरमध्ये जुन्या बल्बऐवजी एलईडी टाकल्यावर तो फटाफट लुकलुकायला लागतो, कारण एलईडी कमी वीज खेचते. त्यावर ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर (जुन्या बल्बसारखा जादा प्रवाह खेचणारा भाग) एलईडी बल्बला समांतर जोडायचा, असं बरेच जण सांगतात ते बरोबरच. पण तो वायरलाच टेपने गुंडाळून ठेवा, असाही सल्ला काही जण देतात, तो अजिबात पटला नाही. हिशोब करा: इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास, म्हणजे रेझिस्टरमधून सुमारे २.३ अँपिअर आणि ३० वॅटच्या वर उष्णता. जुना बल्ब २१ वॅटचाच होता! त्यामुळे वीज वाचते वगैरे विसरा. इंडिकेटर निदान निम्मा वेळ बंद असतो. ब्रेक लाइटला हाच रेझिस्टर लावलात आणि सात रस्त्याच्या सिग्नलला पाय ब्रेकवर ठेवून थांबलात, तर तो सलग तापणार. त्यात आपल्या सोलापूरचा मे महिना, पारा बेचाळीसच्या पुढे. डिकीतलं प्लास्टिकचं अस्तर किती टिकेल?

रेझिस्टरवर लिहिलेले ५० वॅटसुद्धा तो धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवला तरच खरे. दिव्यामागे बॉडीचा पत्रा मिळतो, तिथे स्क्रूने आवळा, वायरिंगपासून लांब.

आणि गाडी जुनी असेल, फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) वेगळा निघत असेल, तर इंडिकेटरसाठी ही उठाठेवच नको. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, फक्त पिना जुळतात का ते बघून घ्या. नव्या गाड्यांत लुकलुकवायचं काम कंट्रोल युनिटच (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) करतं, तिथे मात्र रेझिस्टर आलाच.