कोटेशन स्पॅममध्ये (घरच्या ग्रुपवरून)

दादा: चाकणच्या गिऱ्हाइकाचा फोन होता. आपलं कोटेशन त्यांना मिळालंच नाही म्हणे. शुक्रवारी दुपारी पाठवलंय मी, सेंटमध्ये दिसतंय. आज त्यांनी स्पॅम उघडलं तर तिथे पडलेलं आणि तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेली. महिन्यातली तिसरी वेळ आहे ही. या मेलचं एकदाचं काय ते ठरवा

काका: पाठवल्यावर लगेच फोन करायचा रे. आण्णा फर्म बघायचे तेव्हा कोटेशन गेलं की तासाभरात फोन लावायचे

दादा: केला होता काका. बघतो म्हणाले

आत्या: आधी एक सांगा, आपलं डोमेन, ते साइटचं आणि मेलचं नाव, कुणाच्या नावावर आहे?

सोनू: दादा सरळ जीमेल वापर ना, फुकट आहे

दादा: त्यांच्या व्हेंडर फॉर्मवर कंपनीच्या डोमेनचाच आयडी लागतो. साधा जीमेल दिला की पर्चेसवाला विचारतो वर्कशॉप खरंच आहे का तुमचं

मी: मीटिंगमध्ये होते, आत्ता वाचलं. आपला मेल वेबसाइटच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर आहे, त्या वर्षाच्या पॅकमध्ये फुकट मिळालेला. त्या सर्व्हरवर आपल्यासारख्या कितीतरी जणांच्या साइट असतात आणि सगळ्यांचे मेल एकाच आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून जातात, त्यातल्या एकाने कचरा मेल पाठवले की अख्खा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये, मग आपण काही न करता आपलेही मेल स्पॅममध्ये. वर मी बघितलं तर आपल्या डोमेनला एसपीएफ नाही आणि डीकेआयएमही नाही. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाचा मेल फक्त या सर्व्हरवरून येईल अशी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगच्या नोंदींत लिहून ठेवलेली ओळ, आणि डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर सही. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून कुणालाही मेल पाठवायचा तर यातलं एक तरी सक्तीचं केलंय

काका: म्हणजे चाळीत एकाने नळ उघडा टाकला की खालच्या सगळ्यांच्या घरात पाणी

मी: अगदी तसंच काका

वहिनी: हे होस्टिंग माझ्या भावाने लावून दिलं तेव्हा स्वस्त पडलं म्हणून सगळे खूश होते. तेव्हा स्पॅमचं कुणी विचारलं नाही

दादा: अगं त्याला कोण काय बोललंय

वहिनी: बोलायला कशाला लागतं

आत्या: डोमेन कुणाच्या नावावर आहे?

आई: रविवारी सगळे येताय ना? अळूवड्या करतेय. उंडे किती लावू सांगा

सोनू: काकू मला दोन उंडे वेगळे

काका: याच्या आईचा डबा रोज परत येतो आणि तिकडे दोन उंडे

दादा: मेलचं बोला रे

काका: रेडिफ काय वाईट होतं? आण्णांच्या वेळी सगळं त्याच्यावरच चालायचं. एक ऑर्डर गेली नाही

सोनू: झोहो घ्या. अमित शहांनी पण घेतलं ऑक्टोबर २०२५ मध्ये

काका: झोहो म्हणजे तमिळनाडूची ना? मग चांगलंय, पैसा देशात राहील

दादा: मला एक्सेल, वर्ड लागतंच, मग मायक्रोसॉफ्टचं एकत्र का नको?

मी: तिन्ही चालतील, गूगल पण. आधी माणसं मोजा. या सगळ्यांचे पैसे माणशी असतात, पत्त्यामागे नाही. दादा, काका, आत्या एवढे तीनच आयडी. सेल्स, इन्फो, अकाउंट्स हे पत्ते त्याच तिघांना अलियास म्हणून, म्हणजे त्याच इनबॉक्सची दुसरी नावं म्हणून जोडता येतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मागच्या वेळी सात आयडी काढले त्यातले चार कुणी उघडलेच नाहीत. गूगलच्या सगळ्यात खालच्या प्लॅनला माणशी ३० जीबी. मायक्रोसॉफ्टच्या नुसत्या मेलला ५० जीबी, पण एक्सेल कॉम्प्युटरवर टाकून हवं असेल तर वरचा प्लॅन लागतो. झोहोचा ५ जणांचा फुकट प्लॅन असतो, माणशी ५ जीबी, पण तो फक्त ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या ॲपवर. काकांचं आउटलुक त्याला जोडता येणार नाही, कारण फुकटात आयमॅप, म्हणजे बाहेरच्या ॲपला मेल जोडायची सोय, देत नाहीत. आणि ड्रॉइंगच्या फाइली जड असतात आपल्या, जीमेल २५ एमबीच्या पुढे अटॅच करू देत नाही, लिंक पाठवावी लागते. माझं मत झोहोचा पैसे भरून घ्यायचा प्लॅन, आपल्याला मेल हवाय, बाकी डामडौल नको

काका: आउटलुक मी सोडणार नाही आत्ताच सांगतो

मी: सोडू नका, म्हणूनच फुकटचा नको म्हणतेय. पण काका तुमचं आउटलुक पॉपवर आहे. म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरून भोसरीच्या त्या एका कॉम्प्युटरवर येतात आणि सर्व्हरवर काही राहत नाही. ती हार्ड डिस्क गेली तर इतक्या वर्षांच्या पर्चेस ऑर्डरी गेल्या. रविवारी मी येते, आधी त्याची पीएसटी फाइल, जिच्यात ते सगळे मेल असतात ती, दोन ठिकाणी कॉपी करू मगच बाकीचं

काका: ये बाळा. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं

आत्या: १८ टक्के जीएसटी लागेल त्याचं क्रेडिट मिळतं, बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्या, मागच्यासारखं कुणाच्या तरी कार्डावरून नको. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे, तिसऱ्यांदा विचारतेय. गेल्या वर्षी आपल्या नावाने कुणीतरी एका गिऱ्हाइकाला बँक खातं बदललंय म्हणून मेल टाकला होता, त्याने मला फोन केला म्हणून वाचलो नाहीतर पैसे गेले असते. तेव्हापासून मला नीट झोप नाही या मेलच्या बाबतीत

मी: आत्या तो मेल एसपीएफ आणि डीएमार्क नसल्यामुळेच इतक्या सहज जाऊ शकला. डीएमार्क म्हणजे आमच्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारी ओळ. डोमेनचं आत्ता बघितलं. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत नाव झाकलेलं आहे, मुदत दिसते. १९ तारखेला संपतेय

दादा: आज १०

आत्या: आणि रिन्युअलचा मेल कुणाला जातो?

(वहिनींनी मेसेज डिलीट केला)

सोनू: वहिनी काय होतं?

दादा: सोनू गप्प बस जरा

वहिनी: माझ्या भावाच्या जुन्या ऑफिसच्या आयडीवर जातो. ती नोकरी सोडून त्याला दीड वर्ष झालं. डोमेन त्यानेच काढलं होतं, त्याच्याच नावावर आहे. मुद्दाम नाही केलेलं, तेव्हा आण्णा हॉस्पिटलात होते आणि सही करायला कुणी मोकळं नव्हतं म्हणून त्याने स्वतःच्या नावावर घेतलं, पैसेही त्यानेच भरले आणि ते कुणी परत विचारले नाहीत

आत्या: हे मला माहीत नव्हतं ग. किती होते ते सांग, आजच पाठवते

वहिनी: पैशाचं नाही आत्या

आत्या: पैशाचं आहेच. हिशोबात लिहिलं नाही ही माझी चूक

मी: वहिनी त्याला फोन करून बघाल का? रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन जिच्याकडून घेतलं त्या कंपनीचं लॉगिन मिळालं तर आधी रिन्यू करू. मुदत गेली तर मेल, साइट सगळं बंद पडतं आणि नंतर सोडवायला जास्त पैसे. एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ती डीएनएसमधली ओळ, डोमेनचा डीएनएस जिथे असेल तिथून बदलतो, आणि डीएनएस कुठे ते डोमेनच्या लॉगिनमधून ठरतं. ते हातात नसेल तर झोहो काय आणि गूगल काय, कुठेही जाणं अवघड. बदल रविवारच्या कॉपीनंतर, पुढच्या शनिवारी रात्री करू. सगळीकडे पोचायला ४८ तासही लागतात, काही मेल तोवर जुन्या ठिकाणी येतील, त्यामुळे जुनं होस्टिंग महिनाभर बंद करायचं नाही

काका: रिन्यू करून माझ्या नावावर टाकू का? वर्कशॉपला रोज मीच असतो

दादा: काका कोटेशन मी पाठवतो

आत्या: दोघांच्याही नाही. फर्मच्या नावावर. आण्णांनी फर्म केली ती यासाठीच

काका: बरं

दादा: चालेल

वहिनी: भावाशी बोलले. लॉगिन सापडलंय, ओटीपी त्याच्या मोबाईलवर येतोय, तो फोन धरून बसलाय. अहो, लॅपटॉप घेऊन वर या