पूरक गोळ्या घेण्याआधी फार्मासिस्टला विचारावं का?

मृगनक्षत्र:
डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीबद्दल आपण खोदून खोदून विचारतो. अश्वगंधा, हळदीचा अर्क, बायोटिन मात्र ‘त्याने काय होतंय’ म्हणत स्वतःच सुरू करतो. माझं ठाम मत आहे की ज्याचं रोजचं औषध चालू आहे, त्याने अशी कुठलीही गोळी सुरू करण्याआधी फार्मासिस्टला विचारलंच पाहिजे.

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती लोक उदासीवर घेतात. हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांनी ती घेतली, त्याची नोंद २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. या वनस्पतीमुळे यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढतात. त्या रुग्णांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही तिने असाच कमी होतो. विचारायला दोन मिनिटं लागतात हो!

रोखठोक:
ज्याच्या फळीवर त्याच बाटल्या मांडल्यात, त्यालाच विचारायचं? विक्री आणि सल्ला एका हातात असू नयेत. शिवाय बाटलीत नेमकं काय आहे हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं? अमेरिकेत १९९४ च्या कायद्यापासून अशी उत्पादनं बाजारात आणण्याआधी सरकारची मंजुरी लागत नाही. लेबलवर छापलंय तेच तोही वाचणार.

खलबत्ता:
मी फार्मासिस्ट आहे. बाटलीत काय आहे याची हमी मी देऊ शकत नाही आणि तसं स्पष्ट सांगतो. पण कशाचं कशाशी जमत नाही, हे मला सांगता येतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराही दिलाय.

अडचण वेगळीच आहे. ‘आणखी काही औषध घेता का?’ असं विचारलं की लोक ‘नाही’ म्हणतात. खोटं बोलत नाहीत ते, या गोळ्या औषधांत धरतच नाहीत.

मधुमालती:
धरत नाहीत, की सांगायची सोय नसते? वनस्पतीचं नाव काढलं की ‘पुरावा नाही, घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळतं. अशाने माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो आणि गोळी घेतच राहतो. वनौषधीचं विचारायचं तर वैद्यांना विचारावं, त्यांचा तो अभ्यास आहे.

मृगनक्षत्र:
@मधुमालती, गप्प बसण्याबद्दलचं अगदी पटलं. वैद्यांनाही जरूर विचारा. पण ज्येष्ठमधाचं बघा. जास्त दिवस घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. सोबत लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. वैद्यांपुढे आपण त्या गोळ्यांची चिठ्ठी ठेवतो का? सगळी औषधं एकाच ठिकाणाहून घेत असू, तर फार्मासिस्टकडे ती यादी आधीच असते.

रोखठोक:
‘असू तर’! अर्धी औषधं लोक ऑनलाइन मागवतात. आणि खरा धोका काउंटरवर कळतच नाही. बीटा-कॅरोटिन (शरीरात ज्याचं ‘अ’ जीवनसत्त्व बनतं ते) चांगलंच, असं सगळे धरून चालले होते. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, तेव्हा १९९४ मध्ये कळलं की ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. मला अशा चाचण्या हव्यात, विक्रीआधी.

खलबत्ता:
मलाही हव्यात. पण ती चाचणी झाल्यावर बीटा-कॅरोटिनची बाटली हातात घेतलेल्या माणसाला ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ हे कोणीतरी विचारायला हवंच ना? नुसतं नाव सांगू नका, बाटलीच घेऊन या. आणि तुमची औषधं न विचारताच कोणी ‘घ्या, चालेल’ म्हणालं, तर दुसरा फार्मासिस्ट गाठा.

मधुमालती:
आणि मागे रांग उभी असताना गर्भनिरोधक गोळ्यांचं कसं बोलायचं?

खलबत्ता:
‘जरा बाजूला बोलायचंय’ एवढंच म्हणा. नाहीतर गर्दी नसताना फोन करा. मी स्वतः बाजूला बोलावतो, पण सगळीकडे तशी जागा नसते, हे खरं आहे.