जिनिंगचं जळालेलं शेड: लोखंड सरळ आहे म्हणजे चांगलं आहे का?

सरकीवाला (हिंगणघाट तालुका)
मामाच्या जिनिंगच्या गोडावूनला आग लागली. ज्वाळा लवकर विझल्या, पण रुईच्या गाठी दोन दिवस धुमसत होत्या. छपराला आधार देणाऱ्या दोन कैच्या लोंबल्या, खांब मात्र ओळंब्यात. फॅब्रिकेटर म्हणतो, वाकलेलं कापा, बाकीच्याला रंग मारा. मलाही पटतं. सरळ लोखंड भंगारात काहून घालायचं?

गॅसकटर
बरोबर आहे भाऊ. लोखंड थंड झालं का ताकद वापस येते. मे महिन्यात ४७ डिग्रीत पत्र्याले हात लावता येत नाई, तवा कोणतं शेड वाकलं?

चंद्रपूरकर
उन्हाचा इथे काय संबंध? भार तेवढाच असताना तापलेलं पोलाद हळूहळू ताणत जातं, त्याला क्रीप म्हणतात. बांधकामाच्या पोलादात ते साधारण ४०० डिग्रीच्या पुढे जाणवतं. औष्णिक केंद्रात ५४० डिग्रीच्या वाफेच्या नळ्या फुगल्या का, ते मोजत राहावं लागतं, आणि त्या तर मुद्दाम क्रोम-मॉलिब्डेनमच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या पोलादाच्या असतात. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातल्या सूत्राने ५६० डिग्रीला यील्ड ताकद, म्हणजे पोलाद कायमचं वाकायला लागण्याआधी पेलतं ती ताकद, निम्मी उरते. त्या सूत्रात वेळ कुठेच नाही. क्रीपचा सगळा खेळच वेळेचा.

गॅसकटर
गाठ धुमसते खाली, कैची वीस फुटावर. तिथं दोन दिवस ५०० डिग्री कुठून येईन बाप्पा?

चंद्रपूरकर
कैचीचं मान्य, ती ज्वाळांतच लोंबली असणार. मी खांबाच्या बुडाचं म्हणतोय. थप्पी खांबाला टेकून होती का?

सरकीवाला
दोन खांबांना होती. शेड पीईबी आहे, म्हणजे कारखान्यात भाग बनवून इथे जोडलेलं. बिलावर ३५० ग्रेड लिहिलंय, तो यील्ड ताकदीचा आकडा. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, जस्ताचा थर दिलेले.

चंद्रपूरकर
मग पर्लिन आधी बघा. जस्त ४२० डिग्रीला वितळतं. थर ओघळलेला दिसला की पट्टी त्याच्या वर तापली होती. पातळ पट्टी न तापवता थंडच वाकवून केलेली असते, त्यातून आलेली जादा ताकद जास्त तापली की जाते. साधं २५० ग्रेडचं लोखंड ६०० डिग्रीपर्यंत तापून थंड झालं तर बरंचसं सावरतं, तिथे गॅसकटरभाऊंचा अनुभव खराच आहे. ३५० वाल्याचा तेवढा भरवसा नाही. आणि पाणी मारून, पुन्हा तापवून कमावलेलं ६९० ग्रेडसारखं पोलाद असेल, तर ती कमाई ६०० डिग्रीच्या पुढे कायमची जाते. आता खांब सरळ का राहिला? पत्रे गेल्यावर त्याच्यावर भारच किती उरला होता? भार नाही तर क्रीपही दिसणार नाही.

गॅसकटर
हे पटलं. बुडाचा तुकडा कापून देतो, लॅबमंदी ओढून पाहा. पण कापाच्या आधी कैचीले टेकू लावजा.

सरकीवाला
मामा म्हणतो, टेकूचे पैसे विमावाल्याकडून घे.