घरी, प्रवासात, कॅफेत : कॉफी चांगली लागेल हे आधी कसं ओळखायचं?

ओवी_फिरते

मंडळी, मी कोरी कॉफी पिते. दूध नाही, साखर नाही, त्यामुळे कॉफी वाईट निघाली तर तोंडात जे येतं ते येतंच.

घरी फ्रेंच प्रेस आहे, म्हणजे जाळीचा दांडा खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं. 'शंभर टक्के अरेबिका (ही कॉफीची एक जात), डार्क रोस्ट (गडद भाजलेली)' असं लिहिलेलं दळलेल्या कॉफीचं मोठं पाकीट आणते. फोडल्यावर पहिले काही दिवस बरी लागते, मग वास जातो आणि नुसता कडवटपणा राहतो. पावडर वाढवली तर जास्त कडू, कमी केली तर कडू पाणी. नोकरी फिरतीची, म्हणून बाकीचा वेळ हॉटेलच्या खोलीतल्या इन्स्टंटच्या पुड्या, स्टेशनवरचा थर्मास आणि विमानातला कागदी कप. कॅफेत जावं तर फळ्यावर देशांची नावं, 'वॉश्ड', 'नॅचरल', शेताची उंची मीटरमध्ये. मागे एकदा त्यातली सगळ्यात महाग मागवली, जीभ आकसली इतकी आंबट. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ही अशीच असते." असेलही. पण ती मुळात तशी आहे की करताना बिघडली आहे, हे माझ्यासारखीला कसं कळावं?

घरी काय बदलू, प्रवासात काय मागू, आणि कॅफेत शिरल्यावर थांबायचं की निघायचं हे कशावरून ठरवू? मशीन घ्या असं कृपया सांगू नका, ओट्यावर जागा नाही.

काळाकुट्ट

उकळतं पाणी थेट ओतता का? डार्क रोस्टला ते सोसत नाही. उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग ओता. कडवटपणा नक्की कमी होईल.

भट्टीवाला

काळाकुट्ट यांचं चुकीचं नाही, पण तो शेवटचा उपाय. ओवीताई, तुम्हीच लिहिलंय की पहिले काही दिवस बरी लागते. म्हणजे पाणी तेच, हात तोच, आणि कॉफी मात्र बदलत गेली. ती शिळी होतेय.

मी बरीच वर्षं कॉफी भाजण्याच्या कारखान्यात चव बघायचं काम केलं. तिथे झालेलं माझं मत अजून तसंच आहे : कॉफी कुठल्या देशाची, कुठल्या कंपनीची हे नंतर, ती दळून किती वेळ झाला हे आधी विचारावं. तुमच्या तिन्ही ठिकाणी हाच प्रश्न लागू आहे.

बी भाजली जाते तेव्हा तिच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि वासाची द्रव्यं तयार होतात. अख्खी बी हे दोन्ही हळूहळू सोडते. त्यामुळे भाजून आठ-दहा दिवस झालेली बी कालच भाजलेलीपेक्षा बऱ्याचदा चांगली लागते, आणि हवाबंद डब्यात महिना-सव्वा महिना नीट राहते. दळली की हवेशी गाठ पडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. वास उडतो, तेलं खवट व्हायला लागतात. दळलेलं पाकीट एकदा उघडलं की मी त्याला आठवडा देतो, तोही उदार होऊन. घरच्या घरी पाहायचं तर पावडरीवर थोडं गरम पाणी ओता. ताजी कॉफी फुगते, बुडबुडे काढते. जुनी ढिम्म बसून राहते.

म्हणून मशीन नको, हाताने फिरवायचं छोटं ग्राइंडर घ्या, खणात मावतं. पात्यांचं नाही, 'बर' म्हणजे दळणारे दातेरी भाग असलेलं. पाती बी कशीही फोडतात, त्यातून पीठही निघतं आणि खडेही. पिठातून सगळं पाण्यात उतरून कडवट होतं, खड्यांतून अर्धंच उतरून आंबट राहतं, आणि तुम्ही दोन्ही एकाच कपात पिता. बरचं ग्राइंडर जात्याच्या तत्त्वावर चालतं, दोन भागांतलं अंतर ठरवता येतं, म्हणून दाणा बराचसा सारखा पडतो.

आता पाकीट. 'बेस्ट बिफोर' वाचून काही कळत नाही, भाजल्याची तारीख शोधा. नसेल तर परत मांडणीवर ठेवून द्या. 'शंभर टक्के अरेबिका' यालाही फार भुलू नका. अरेबिकात कॅफीन साधारण १.२ टक्के, रोबस्टा या दुसऱ्या जातीत त्याच्या जवळपास दुप्पट, शिवाय रोबस्टात साखर कमी, तेव्हा रोबस्टा कडू हे खरं. पण सुमार अरेबिकाही जगात ढिगाने पिकते. आणि सुमार बी खपवायचा जुना मार्ग म्हणजे ती गडद भाजणे, कारण मग बीची स्वतःची चव उरतच नाही, उरते ती भाजण्याची. गडद भाजताना बीतली क्लोरोजेनिक आम्लं मोडत जातात आणि पुढे फेनिलइंडेन नावाची संयुगं बनतात. घशात रेंगाळणारा कडवटपणा त्यांचा. तेलही बीच्या वर येतं आणि लवकर बिघडतं. कोरी पिणाऱ्याने मध्यम भाजलेली घ्यावी, गडद दूधवाल्यांसाठी सोडावी.

प्रमाण : लिटरभर पाण्याला ६० ग्रॅम, म्हणजे २५० मिलीला १५. चमच्याने नाही, वजनाने. गडद बी भाजताना फुगून हलकी होते, त्यामुळे एकाच चमच्यात दोन कॉफ्या वेगळ्या वजनाच्या मावतात. पावडर कमी केल्यावर तुम्हाला कडू पाणी का मिळतं तेही यातच आहे. भाजलेल्या बीतला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण आपल्याला हवा असतो १८ ते २२ टक्के. हे आकडे १९५० च्या दशकात एमआयटीच्या लॉकहार्ट यांनी मांडले, अजून तेच वापरात आहेत. थोड्या पावडरीवर तेवढंच पाणी ओतलं की प्रत्येक दाण्यातून जास्त उपसलं जातं, नको तेही उतरतं, आणि एकूण कप मात्र पातळ राहतो.

प्रेसमध्ये चार मिनिटं ठेवा, वर जमलेला थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका. मग दांडा हलकेच खाली न्या. तळापर्यंत दाबून गाळ ढवळू नका.

कॅफेचं उद्या लिहितो, बोटं दुखली.

खिडकीजवळची_सीट

प्रवासाचं मी लिहितो, माझीही नोकरी बॅगेतच आहे.

मी एअरोप्रेस बाळगतो, म्हणजे हाताने दाबून एका कपाची कॉफी काढायची नळी. प्लास्टिकचं आहे, फुटत नाही, धुवायला अर्धं मिनिट. लांब उडणारी फेकायची रिंग बनवणारे अभियंता ॲलन ॲडलर यांनीच हे २००५ मध्ये बाजारात आणलं, हे मला फार नंतर कळलं. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. निघायच्या दिवशी सकाळी एकेका कपाची कॉफी दळून छोट्या डब्यांत भरतो. पहिले दोन दिवस मजेत जातात, तिसऱ्या दिवशी वास उतरलेला कळतो. भट्टीवाल्यांचं दळण्याबद्दलचं म्हणणं पटायला हा तिसरा दिवस पुरेसा आहे.

एवढा खटाटोप नको असेल तर एकेका कपाच्या ड्रिप बॅग मिळतात, कपाच्या कडांना अडकवायच्या. ज्या पाकिटांत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असतो त्या घ्या. इन्स्टंटच घ्यायची तर 'फ्रीझ ड्राइड' लिहिलेली. ती गोठवून वाळवलेली असते, त्यामुळे गरम हवेत फवारून वाळवलेल्या पावडरीपेक्षा तिच्यात वास जास्त टिकतो. खोलीतल्या फुकट पुड्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात.

स्टेशनवर माझा एकच नियम : थर्मासमधली कॉफी कधी भरली ते विचारायचं. उत्तर पटलं नाही तर समोर गरम पाण्यात केलेली इन्स्टंट घ्यायची. लोक हसतात. पण केलेली कॉफी गरम ठेवली की तिच्यात आम्लं वाढत जातात आणि एक कडवट-आंबट चव येते. सकाळच्या फिल्टर कॉफीपेक्षा आत्ताची इन्स्टंट मला बरी वाटते. काचेचं भांडं तापलेल्या प्लेटवर ठेवलेलं दिसलं तर तेही विचारत नाही.

विमानात मी कॉफी मागतच नाही. पाणी नीट तापत नाही म्हणून वाईट लागते असं सगळे सांगतात, मला ते कारण अर्धवट वाटतं. केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात, म्हणजे पाणी ९२ ते ९४ अंशांना उकळतं. कॉफीला तेवढं चालतं. खरी अडचण आपल्या नाकाची आहे. हवा कोरडी, दाब कमी, त्यात वास मंदावतो, आणि वास गेला की कॉफीत राहतो कडवटपणा. तिथे चांगली बी घेऊन गेलात तरी फुकट.

दुधावरची_साय

रोबस्टाची बदनामी थांबवा! नीट पिकवलेला, नीट धुतलेला रोबस्टा दुधात अरेबिकापेक्षा ठाम लागतो, आणि एस्प्रेसोत (मशीनच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीत) थोडा मिसळला तर क्रेमा, म्हणजे वरचा फेस, दाट येतो. दुधाची कॉफी घेणाऱ्यांनी कॅफेत एवढंच बघावं की दूध ६०-६५ अंशांवर थांबवतात की नाही. त्यावर तापवलं की दुधाचा गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. 'एक्स्ट्रा हॉट' मागणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

भट्टीवाला

सायबाई, चांगला रोबस्टा मीही प्यायलोय, नाकारत नाही. ताईंना मात्र दूध नकोय.

कॅफे. फळ्याआधी ग्राइंडर बघा. वरच्या भांड्यातल्या बिया तेलाने चमकताहेत का, भांड्याला आतून तपकिरी तेलाचा थर चढलाय का. ऑर्डर दिल्यावर दळल्याचा आवाज येतो की आधीच दळून ठेवलेलं ओढून घालतात? वाफेच्या नळीवर वाळलेलं दूध असेल तर तुम्ही दूध पीत नसलात तरी निघा. जो नळी पुसत नाही तो मशीनच्या आतलं काय धुणार? अमेरिकानो (एस्प्रेसोत गरम पाणी घातलेली) घेणार असाल तर एस्प्रेसो पडताना बघा. साधारण २५ ते ३० सेकंद लागायला हवेत. दहाएक सेकंदांत कप भरला तर आंबट पाणी मिळणार, मग बी कुठलीही असो.

फळ्यावरचे शब्द घाबरण्यासारखे नाहीत. 'वॉश्ड' म्हणजे फळाचा गर धुऊन मग बी वाळवली, चव स्वच्छ आणि आम्ल स्पष्ट. 'नॅचरल' म्हणजे अख्खं फळच वाळवलं, चव पिकलेल्या फळाची, कधी आंबूस. उंचावर फळ सावकाश पिकतं, बी घट्ट होते, आम्लही सहसा जास्त. केनियाची वॉश्ड मागवली तर आंबट येणारच, लोक त्यासाठीच पैसे मोजतात. इथिओपियाची वॉश्ड फुलांच्या वासाची, हलकी. आंबट सोसत नसेल तर ब्राझील मागा, बहुधा तिथली नॅचरलही सौम्य, शेंगदाणा-चॉकलेटच्या अंगाची लागते. सुमात्राची जड, ओल्या मातीच्या वासाची. ती मला आवडत नाही, पण तिचे भक्त आहेत.

आता तुमचा मुख्य प्रश्न : तशीच आहे की बिघडली? निवू द्या. चव बघणारे लोक कप ओतल्यावर लगेच पीत नाहीत, आणि पुढे तो कोमट होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाखतात, कारण फार गरम असताना जिभेला फरक कळत नाही. निवताना आंबटपणासोबत गोडवा वर येत गेला, तर ती तशीच असते आणि मुलगा खरं बोलला. निवताना आणखी टोचरी, पातळ, किंचित खारट होत गेली आणि गिळल्यावर तोंडात काहीच राहिलं नाही, तर ती अर्धवट उतरली आहे. बिनधास्त परत द्या. महाग कॉफी या कसोटीतून सुटत नाही.

ओवी_फिरते

हातग्राइंडर घेतलं! मध्यम भाजलेल्या ब्राझीलच्या बिया आणल्या, तारीख बघून. पहिला कप बरा झाला, पण थोडा बोथट वाटला. घरी आरओचं पाणी आहे, त्याचा संबंध असेल का? आणि मी गावाला गेले की बिया पडून राहतात, फ्रिजमध्ये ठेवू?

काळाकुट्ट

अवांतर : ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी रोज प्रेसची कॉफी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य जाळीतून कपात येतं, कागदाच्या फिल्टरमध्ये ते बहुतेक अडकतं.

भट्टीवाला

संबंध आहे. कपात ९८ टक्के पाणीच असतं. आरओत क्षार फार कमी उरतात, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियम नसले की चव नीट उतरत नाही. उलट फार जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीचं आम्ल मारतात, तिथेही बोथटच लागते. नळाचं पाणी पिण्याजोगं असेल तर ते उकळून आरओत निम्मंनिम्म मिसळून बघा, मग प्रमाण आपल्या जिभेने ठरवा.

फ्रिज नको. तिथे ओल असते आणि बिया शेजारच्या डब्यांचे वास ओढतात. फ्रीझर चालतो, पण आठवड्यापुरत्या छोट्या हवाबंद पिशव्या करून. पिशवी बाहेर काढली की लगेच उघडू नका, खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर गार बियांवर हवेतलं पाणी धरतं. एकदा काढलेली परत आत टाकू नका.

ओवी_फिरते

आणि ग्राइंडर कितव्या क्लिकवर ठेवू?

भट्टीवाला

प्रत्येक ग्राइंडरचे क्लिक वेगळे, माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. जाड्या मिठाइतकं दळून सुरू करा. आंबट आणि पातळ लागली तर दोन क्लिक बारीक, कडू आणि तुरट लागली तर दोन क्लिक जाड. तेवढे दिवस पाणी, वजन, वेळ यांना हात लावू नका, आणि पाणी मिसळायचा प्रयोग दळण जमल्यावर करा.