मदत हवी आहे: वाड्याच्या सागवानी खांबांवरचा ऑइल पेंट कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, नागपूरच्या महाल भागात आमचा जुना वाडा आहे, आता तिथं कोणी राहत नाही. ओसरी आणि दिवाणखाना नीट करून घरातलेच अडकित्ते, समया, पितळी डबे, आजीचा शालू मांडून ठेवायचा विचार आहे. हे खूळ अहमदाबादहून आलं. तिथलं कॅलिको हे कापडांचं म्युझियम पाहिलं, १९४९चं, आता शाहीबागेत साराभाईंच्या घरी आहे (आधी बुकिंग करूनच जा). गेलो कापड बघायला अन् बघत बसलो लाकूड, कारण जुन्या हवेल्यांचे कोरीव दर्शनी भाग तिथं आणून बसवलेत आणि ते लाकडासारखेच दिसतात, चकचकीत नाही.

आमच्याकडे काकांनी एका लग्नात सगळ्या खांबांना चॉकलेटी ऑइल पेंट फासला, नंतर अजून दोनदा. हस्तावर (खांबाच्या डोक्यावरच्या आधाराच्या लाकडावर) पोपट कोरलाय, त्याचा डोळा पार बुजला. नखानं पापुद्रा काढला तर खाली हिरवा रंग, मग कुठं लाकूड.

कंत्राटदार म्हणून राहिला, कॉस्टिक सोड्यानं धुतो अन् वरून मेलामाइन पॉलिश मारतो, आरशासारखं चमकेल. मला चमक नकोय ना भाऊ! कॉस्टिकनं सागवान काळं पडतं आणि ते रेषांत राहिलं तर वरचं पॉलिशही धरत नाही. हीट गन लावावी तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याचा धूर कोण घेणार, शिवाय नक्षीच्या कडा जळतात. सँडपेपरनं पोपटाचा गुळगुळीत गोटा होईल.

जेलवालं पेंट रिमूव्हर कोणी कोरीव कामावर वापरलंय का? किती वेळ ठेवायचं, खाचांतून कशानं काढायचं? आणि एका खांबाला तळखड्याजवळ (खालच्या बैठकीच्या दगडाजवळ) वाळवी आहे, स्क्रूड्रायव्हर टोचला तर बोटभर आत गेला. सागवानाला वाळवी लागत नाही म्हणतात, ते गाभ्यापुरतं खरं, बाहेरच्या फिक्या लाकडाला लागते. मग आधी वाळवीचं बघू की रंगाचं?

'विकून टाका' कृपया सांगू नका, ते घरचे रोज सांगतात. एकानं तर पुण्याच्या केळकर संग्रहालयाला खांब देऊन टाक म्हटलं, तिथं कोथरूडचा मस्तानी महाल नेऊन उभारलाच आहे म्हणे. अरे पण खांब दिले तर माडी कशावर राहील बाप्पा?

नागपुरात जुन्या लाकडाचं काम करणारा सुतार माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कंत्राटदार सोमवारी सोडा घेऊन येतोय.