महागडे ड्रायव्हर, सोनेरी कपॅसिटर: घरी स्पीकर बनवणाऱ्याने एवढे पैसे घालावेत का?

खर्ज

दोन वर्षांपूर्वी घरी टू-वे बुकशेल्फ स्पीकरची जोडी बनवली. साडेसहा इंची कागदी कोनचा वूफर (खालचे स्वर वाजवणारा), रेशमी डोमचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा), १८ मिमी एमडीएफ. सुताराची मजुरी धरून २२ हजार. एका पेटीत वूफरचं भोक १४२ ऐवजी १४६ मिमीचं पडलं, ते भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवलं. जाळी लावली की दिसत नाही. भीमसेनजी, किशोरीताई, रात्री एखादा तबला सोलो, सगळं मजेत चाललं होतं.

मग एका परिचितांकडे त्यांनी बनवलेली जोडी ऐकली. डॅनिश ड्रायव्हर (म्हणजे वूफर, ट्वीटर हे आवाज काढणारे भाग), बेरिलियमचा ट्वीटर, खर्च सव्वादोन लाख. घरी आलो तर आपल्या स्पीकरवर कोणी गोणपाट टाकलंय असं वाटायला लागलं. सव्वादोन लाख काही काढवेनात, म्हणून निदान ट्वीटरच्या वाटेतले, त्याच्याकडे फक्त वरचे स्वर जाऊ देणारे कपॅसिटर तरी बदलू म्हटलं. जुने साधे नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक, काही रुपड्यांचे. नवे पॉलिप्रॉपिलीनचे, सोनेरी अक्षरांचे, टॉर्चच्या सेलएवढे जाडजूड. जोडी १४ हजारांना.

लावले आणि तानपुऱ्याची जवारी अशी काही सुटी झाली की बायकोला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. ती म्हणाली, "आवाज वाढवलायस का?"

हे वाक्य डोक्यात राहिलं. कपॅसिटर मोजायला मित्राचा एलसीआर मीटर आणला. जुन्यांवर छापलेलं ६.८ मायक्रोफॅरड, प्रत्यक्षात ५.९ भरले. नवे बरोबर ६.८. म्हणजे ट्वीटर आता थोडा खालपासून वाजत होता, आणि मला ऐकू आलेला फरक खराच होता! पण तो सोन्याचा नव्हता. जुन्याला समांतर एक मायक्रोफॅरडचा छोटा फिल्म कपॅसिटर जोडला, साठ रुपयांचा. माइक लावून आलेख काढला, तो नव्याच्या आलेखावर जवळजवळ बसला. कानांनाही ओळखता येईना.

तर माझं मत: हौशी माणसासाठी महागडे सुटे भाग म्हणजे देवाला सोन्याचा मुकुट. देव तोच राहतो. तुम्हाला काय वाटतं?

मंद्रसप्तक

कपॅसिटरबद्दल शंभर टक्के मान्य. त्या धंद्यात सोनं फक्त अक्षरांत असतं. पण खर्जसाहेब, तुम्ही एका गोणीत दोन वेगळी धान्यं भरलीत. ड्रायव्हर हा वेगळा मामला आहे.

कपॅसिटर हलत नाही. वूफरचा कोन हलतो, आणि सगळी गडबड त्या हलण्यात आहे. कोनला जोडलेली व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, मागेपुढे जाते तशी तिची इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) बदलते. डग्ग्याच्या घुमाऱ्याने कोन दोन-तीन मिलिमीटर हलत असताना त्याच कोनमधून गायकाचा स्वर येत असेल, तर डग्गा त्या स्वरावर अक्षरशः स्वार होतो. महागड्या ड्रायव्हरमध्ये पोलवर (चुंबकाच्या मधल्या लोखंडी खांबावर) तांब्याचं कडं किंवा टोपी बसवतात, ती नेमकी याच्यासाठी. तांबं, मोठं चुंबक, अचूक मशीनिंग, याला खरे पैसे पडतात. ते आलेखात दिसतं. मात्र तुम्ही काढलात तो फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे कुठला स्वर किती जोरात येतो त्याचा आलेख. डिस्टॉर्शनचा, म्हणजे स्वर किती बिघडतो त्याचा काढा, मग बोलू.

बेरिलियमचंही तसंच. धातू हलका आणि अतिशय ताठ, त्यामुळे डोम वेडावाकडा थरथरायला लागतो तो ऐकू येण्याच्या पट्ट्याच्या खूप वर. यामाहाने १९७४ साली एनएस-१००० मध्ये बेरिलियमचे डोम वापरले, म्हणजे हे काही आजचं फॅड नाही.

आणि हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडा. सहा महिन्यांचे रविवार, नाकात गेलेला भुसा, शेजाऱ्यांचे बोल. हे २२ हजारांच्या जोडीलाही तेवढंच लागतं आणि सव्वादोन लाखांच्या जोडीलाही. एवढे रविवार घालायचेच तर आत काय बसवतोय ते बघायला नको?

भुसा आणि लांबी

दोघंही पेटीबद्दल बोलतच नाहीये. सवयच आहे ऑडिओवाल्यांची.

माझ्या पहिल्या जोडीचा आराखडा २० सेंमी रुंद पेटीचा होता. मला शेल्फवर शोभून दिसावी म्हणून मी ती २८ सेंमी केली. आतलं घनफळ तेवढंच ठेवलं, म्हटलं काय फरक पडतोय. पडला. खालचे स्वर पेटीला वळसा घालून मागे जातात, वरचे पुढच्या फळीवरून समोर फेकले जातात. हा बदल कुठे होतो ते फळीच्या रुंदीवर ठरतं. ढोबळ हिशेब: ११५ भागिले मीटरमधली रुंदी. २० सेंमीला ५७५ हर्ट्झ, २८ ला साधारण ४१०. क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणारं सर्किट) एकीसाठी बांधलेला, पेटी दुसरी. गाणारा नाक चोंदल्यासारखा गायचा. मी वर्षभर वूफरला शिव्या घातल्या, नवा महागडा मागवणारच होतो.

एवढं करा: पेटीच्या बाजूला बोटाच्या पेरांनी ठोका. टिणटिण किंवा ढबढब आलं तर आत आडवी पट्टी मारा. ४० रुपयांची पट्टी.

खर्ज

मंद्रराव, डिस्टॉर्शनचा मुद्दा घेतला. पण मी घरी ज्या आवाजात ऐकतो त्यात कोन दोन-तीन मिलिमीटर हलतच नाही हो. फ्लॅट आहे, वाडा नाही.

उदाहरण देतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या ओबी व्हॅनसाठी (स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्या) एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर स्पीकर बनवला. आत केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर, बी११० आणि टी२७. एक प्लॅस्टिकचा कोन, एक मायलरचा डोम. ना बेरिलियम, ना चांदी. आजही लोक त्यासाठी वेडे होतात. सगळी करामत क्रॉसओव्हरमध्ये आणि पातळ फळीच्या पेटीत.

मंद्रसप्तक

हे उदाहरण तुम्ही माझ्या ताटात वाढलंत, आभारी आहे.

त्या क्रॉसओव्हरच्या ट्रान्सफॉर्मरला वेगवेगळे टॅप (कमीजास्त पातळीचे जोड) का दिलेत? कारण ट्वीटर एकसारखे निघत नसत, प्रत्येकाची पातळी जुळवून घ्यावी लागे. ड्रायव्हर निवडून, मोजून, जोड्या लावून घ्यावे लागत. पुढे बी११० ची जात वर्षागणिक इतकी सरकली की १९८० च्या दशकाच्या शेवटी क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला आणि १५ ओहमचा स्पीकर ११ ओहमचा झाला. "स्वस्त ड्रायव्हर, हुशार क्रॉसओव्हर" याच्यामागे एक अख्खी प्रयोगशाळा पगारावर बसली होती. तुमच्या-माझ्याकडे ती आहे का? महागड्या ड्रायव्हरमध्ये मी तेच विकत घेतो: डावा आणि उजवा सारखा असेल, आणि कागदावर छापलंय तसा असेल.

तपकीर गल्ली

यावर माझा अनुभव. बजेट १५ हजार, अजून कॉलेजात आहे. बुधवार पेठेतून वूफरची जोडी घेतली. माहितीपत्रकात रेझोनन्स (कोन आपसूक ज्या स्वराला थरथरतो तो) ३८ हर्ट्झ. मी त्यावरून पेटीचं घनफळ आणि पोर्टची (पेटीतल्या हवेच्या नळीची) लांबी काढली. थील आणि स्मॉल यांची गणितं आहेतच, सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकले की झालं. बास अगदी ढप्प. कॉलेजच्या लॅबमध्ये मोजलं तर एक ५१, दुसरा ५७. गणित बरोबर होतं, आकडे खोटे होते. मंद्रसप्तक म्हणतात ते पटतं, पण सव्वादोन लाख?

खर्ज

@तपकीर गल्ली: मधली वाट आहे की. इंडोनेशियात बनणारे एसबी अकूस्टिक्सचे वूफर बघ. आखणी डेन्मार्कची, किंमत त्यामानाने आवाक्यातली. पण त्याआधी थोडे पैसे उसने काढून मोजणीचा यूएसबी माइक घे, आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पेटी कापायच्या आधी ड्रायव्हर मोज. आणि वायरला अडीच स्क्वेअरची साधी इलेक्ट्रिशियनची वायर, त्याच्यावर एक पैसा नको.

रत्नांग्रीकर

तुमचं पुण्यामुंबईचं चालू द्या. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत एमडीएफचे कोपरे फुगून पावासारखे होतात. वूफरची फोमची कड सात वर्षांत बोट लावल्यावर चुरा होऊन पडली, आणि तो वूफर तेव्हा चांगलाच महाग होता हो. आता मरीन प्लाय आणि रबरी कड. बाकी बेरिलियम की रेशीम ते तुम्ही ठरवा.

जुना रेडिओ

निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला होता. तेच स्पीकर, तेच लोक. एकदा स्पीकर बघून ऐकायचे, एकदा पडद्याआड. डोळे उघडे असताना दिलेले गुण आणि पडद्यामागच्याला दिलेले गुण जुळले नाहीत. आम्ही चौघांनी त्याची गरिबाघरची आवृत्ती हॉलमध्ये केली. काळी चादर, दोऱ्या, दोन जोड्या, एक साधारण तीस हजारांची, एक दीड लाखाची. आवाजाची पातळी माइकने जुळवलेली.

हळू आवाजात तानपुरा आणि गाणं: चौघांचे चार कौल. माझ्या बहिणीने ठामपणे स्वस्त जोडी महाग म्हणून सांगितली आणि कारणंही दिली, फार सुंदर कारणं. मग पखवाज लावला आणि आवाज चढवला. दहापैकी नऊदा सगळ्यांनी महागडी ओळखली. स्वस्त जोडीत थापेचं बोट हरवत होतं.

मंद्रसप्तक

बघा!

खर्ज

काय बघा? पखवाज त्या आवाजात माझ्या सोसायटीत लावला तर सेक्रेटरी थाप कुठे मारेल ते सांगायला नको. जुना रेडिओ, पातळी जुळवली ती एका स्वरावर की पूर्ण पट्ट्यावर? अर्ध्या डेसिबलचा फरक राहिला तरी जास्त जोराचा चांगला वाटतो. माझंच उदाहरण वर आहे.

जुना रेडिओ

पिंक नॉइजवर, म्हणजे पूर्ण पट्ट्याच्या खरखरीवर, बसायच्या जागी. अर्धा डेसिबल राहिला असेल, नाही म्हणत नाही. हळू आवाजात मात्र तो कोणाच्या उपयोगी पडला नाही.

भुसा आणि लांबी

तीस हजारांच्या पेटीला आडव्या पट्ट्या होत्या का? कोणी विचारतच नाही.

मंद्रसप्तक

बरं खर्जसाहेब, एक वेगळंच. ते १४ हजारांचे सोनेरी कपॅसिटर आता तुम्हाला नकोच असतील. नव्या जोडीचा क्रॉसओव्हर मी पेटीबाहेर काचेच्या झाकणाखाली ठेवतोय. आवाजाचं माहीत आहे हो मला, दिसतात छान. आठ हजार देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खर्ज

नाही देत. परवाच परत लावले.

तपकीर गल्ली

का??

खर्ज

साठ रुपयांचा तो छोटा कपॅसिटर जुन्याला चिकटवलेला होता, हॉट ग्लूने. रोज गाणं लावलं की तोच डोळ्यांसमोर यायचा.